आईनं न सांगितलेलं आजारपण

सागरचा चेहरा उजेडात नेऊन बघायचा, हे आमच्या घरातलं सकाळचं पहिलं काम होतं. चहासुद्धा त्यानंतर. आई त्याला अंथरुणातून उचलून ओट्यावर आणायची, हनुवटी धरून तोंड उगवतीकडं करायची आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून आत बघायची. आत लाली दिसली तर त्याला सोडून चुलीकडं वळायची. नाही दिसली तर मला हाक मारायची, "वैशे, तू बघ." मी बघायची. मग अण्णा, म्हणजे आमचे वडील, बघायचे. तिघांचं एकमत झालं की अण्णा त्या दिवशी कामावर जायचे नाहीत. सागरला घेऊन श्रीरामपूरची एसटी धरायचे, आणि संध्याकाळी तो कुणाचं तरी रक्त अंगात घेऊन, गाल गुलाबी करून, लिमलेटची गोळी चघळत परत यायचा. आल्या आल्या माझी वही ओढ, काकूंच्या कोंबड्यांमागं धाव, असा उच्छाद मांडायचा. तीन-चार आठवडे हे चालायचं, मग पुन्हा हळूहळू विझत जायचा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान माझा हा एकुलता भाऊ दोन महिन्यांचा असताना पांढरा पडायला लागला होता. मी बारावीला गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि दिसायला जेमतेम सहाचा.

आमचं गाव श्रीरामपूरच्या अलीकडं, चहूबाजूंनी ऊस. अण्णा गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या कढईत शिजतो, तो नेमका किती शिजला आणि कढई कधी उतरवायची हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, आधी उतरवली तर बसत नाही, आणि अण्णांचा गूळ कधी बिघडल्याचं मला आठवत नाही. हंगामात चरकाचं इंजिन धडधडायला लागलं की आमच्या घरातली भांडीसुद्धा फळीवर बारीक किणकिणत. अण्णा घरी यायचे ते अंगभर गोड वास घेऊन, सोबत तांब्यात गरम काकवी असायची. ती सगळी सागरची. बाजरीच्या भाकरीवर काकवी, गूळ-शेंगदाणे, गुळाचा चहा, गुळात मुरवलेला खजूर. गावातल्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की पोराच्या अंगात लोह कमी आहे, आणि गुळात लोह असतं हे तर पाळण्यातल्या पोरालाही माहीत. आईनं ॲल्युमिनियमची सगळी भांडी माळ्यावर टाकली आणि लोखंडी कढई, लोखंडी तवा, लोखंडी पळी आणली. पालकाची भाजी त्या कढईत काळीकुट्ट होईपर्यंत ठेवायची आणि मग सागरला भरवायची. शेजारच्याच घरात आमच्या मोठ्या काकू राहायच्या, अण्णांच्या थोरल्या भावजय. तोंडानं फटकळ, पण रविवारी बोकडाची कलेजी आणून त्याच्यापुढं ठेवायला कधी चुकल्या नाहीत. सगळं गाव त्या पोराला लोह चारत होतं. आज हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि रागही येतो. कुणावर, ते अजून ठरत नाही.

शेवटी श्रीरामपूरच्या डॉक्टरांनीच हात टेकले आणि आम्हांला पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला कमी आणि ऐकायला फार. त्यांनी सागरचं पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, आठवड्यानं परत बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की याला खायला काय देता. आईनं अभिमानानं यादी सांगितली. गूळ, काकवी, लोखंडाची कढई, कलेजी. बाई ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या की याच्या अंगात लोह कमी नाहीच, उलट भरमसाट झालंय. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून रक्ताबरोबर लोह येतं, ते बाहेर पडायला वाट नसते, ते याच्या यकृतात साचतंय, हृदयातही साचेल. वरून हे खाणं आजपासून बंद. त्या हे रागावून बोलल्या नाहीत, त्यामुळं जास्त लागलं. अण्णा खाली मान घालून आपल्या हातांकडं बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी कोनाड्यातली गुळाची ढेप उचलली आणि काकूंच्या घरात नेऊन ठेवली, आणि त्या दिवसापासून गुऱ्हाळावरून येताना ते हौदावर अंघोळ करूनच घरात शिरायला लागले. वासानं काही लोह वाढत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंघोळ चालूच ठेवली.

आता मी कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रायबोसोमचा धडा आला की फळ्यावर खाली एक छोटा गोळा, वर एक मोठा गोळा काढते आणि सांगते, पेशीतलं प्रत्येक प्रथिन इथं तयार होतं. पोरं लिहून घेतात आणि पान उलटायला निघतात. मग मी विचारते, अरे बाबांनो, आणि हा रायबोसोम स्वतः कशाचा असतो? तोही जवळजवळ निम्मा प्रथिनांचाच असतो. आरएनएचे धागे आणि त्यांच्याभोवती ऐंशीच्या आसपास वेगवेगळी प्रथिनं, प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी धागा दुमडून धरतं, कुणी छोट्या-मोठ्या गोळ्याला एकमेकांशी जोडून ठेवतं, आणि एखादं जरी कमी पडलं तर जुळणी अर्धवट राहते. प्रत्येक प्रथिनाची कृती आपल्याजवळ दोनदा लिहिलेली असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. सागरमध्ये या ऐंशीपैकी एका प्रथिनाची एक प्रत बिघडलेली होती, म्हणजे ते प्रथिन निम्मंच तयार होत होतं. बाकीच्या अंगाचं निम्म्यावर भागतं. हाडांच्या आत लाल पेशी जिथं तयार होतात तिथं भागत नाही, कारण तिथल्या पेशींना थोड्या वेळात ढीगभर हिमोग्लोबिन बनवायचं असतं. आणि मला यातलं सर्वांत नवल वाटतं ते पुढचंच. जुळणी अडली की जी बाकीची प्रथिनं जागा न मिळता शिल्लक राहतात, त्यांतली काही मुकाट बसत नाहीत. ती पेशीत दुसरीकडं जाऊन खबर देतात की इथं काम बिघडलंय. ती खबर लागली की पेशी वाढायची थांबते, कधी मरूनही जाते. पोरांना हे परीक्षेला नसतं, तरी मी सांगते. अर्थात त्या वेळी मला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या पाठीवर ते दोन गोळे काढून दाखवले होते, एवढंच आठवतं.

बाईंनी आधी गोळ्या दिल्या. सागरचा चेहरा चंद्रासारखा फुगला, भूक वाढली, पण रक्त काही वाढलं नाही. लोह काढायला पोटाच्या कातडीत सुई लावून एक छोटा पंप तासन्‌तास चालवायचा असे, तो लावताना दोघं जण त्याला धरायचे आणि तो आई-बापासकट सगळ्यांना शिव्या घालायचा. मग बोनमॅरोचा विषय निघाला. सख्ख्या भावंडाचा हाडातला मगज जुळला तर तो सागरला देता येईल, आणि लागला तर त्याचं शरीर स्वतःचं रक्त बनवायला लागेल. माझी तपासणी झाली. तंतोतंत जुळला. अण्णांनी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आईनं माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. खरं सांगायचं तर मी फार फुगले होते. गावात मी जाईन तिथं माणसं वळून बघायची. काकूंनीसुद्धा मला पहिल्यांदाच आधी चहा दिला आणि मग स्वतः घेतला.

पण मगज देण्याआधी एक अर्ज भरायचा होता. बाई विचारत होत्या आणि त्यांची मदतनीस लिहीत होती. मुलीला कधी मोठं आजारपण? नाही. दमा, फिट, कावीळ? कावीळ झाली होती म्हणे अगदी लहानपणी, अण्णांनी मध्येच सांगितलं. बाईंनी मान वर केली आणि आईला विचारलं, "कावीळच होती ना? रक्त कमी होतं, रक्त द्यावं लागलं, असं कधी?" आई म्हणाली, "न्हाई. तिला काईच झालं न्हाई कधी." आईचा आवाज इतका सरळ होता की मला शंका यायचं काही कारणच नव्हतं. माझं हिमोग्लोबिन चांगलं होतं, सगळे कागद चांगले होते. सही झाली. सागरला काचेच्या खोलीत दाखल केलं, आणि आम्ही हॉस्पिटलशेजारच्या, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या इमारतीत एका खोलीत राहिलो. सोमवारी सकाळी औषध सुरू व्हायचं होतं. त्या औषधानं सागरच्या हाडातला सगळा जुना मगज जाळून टाकायचा, आणि मग आठवड्यानं माझा त्याच्या शिरेत सोडायचा. बाईंनी हे आम्हां चौघांना समोर बसवून समजावलं होतं, आणि एक वाक्य दोनदा म्हणाल्या होत्या, की औषध सुरू झालं की परत फिरता येत नाही.

शनिवारी दुपारी आईच्या माहेराहून, दुष्काळी पाथर्डीकडून, मामा आला. सागरसाठी रक्त लागणार होतं म्हणून तो स्वतःचं द्यायला आला होता. देऊन झाल्यावर दंडाला चिकटपट्टी लावून तो लिंबाखालच्या बाकावर बसला, रक्त देणाऱ्यांना मिळणारं बिस्कीट चहात बुडवत. माझा हा मामा मोठा गोड माणूस, पोटात काही राहत नाही असा. मी म्हटलं, मामा, दुखलं का? तो हसला.

"मला काय दुखतंय? तुला बी मीच दिल्तं की."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तो सांगत गेला. मी पहिली, आईचं बाळंतपण माहेरी. तीन महिन्यांची असताना मी पांढरी फटक पडले, दूध ओढेना. उचलून नगरला नेलं, तिथं तीनदा रक्त दिलं, त्यातलं दोनदा मामाचं. मग वर्षभर कसलंसं कडू औषध पाजलं, आणि कुणास ठाऊक कसं, मी आपोआप सावरले. "तुझ्या अण्णाला ठाव न्हाई हां," तो बिस्कीट संपवत म्हणाला. "ते तिकडं हंगामात अडकल्यालं. कावीळ झाली म्हणून सांगितलं आमी. पोरीच्या अंगात खोट निघाली म्हणलं तर सासरची काय बोलली असती? आता नीट झालीस, कशाला उकरायचं." त्याला वाटत होतं की ही गोष्ट फक्त सासरपासून लपवलेली आहे. डॉक्टरांपासूनही लपवली असेल, हे त्या भाबड्याच्या डोक्यातच आलं नाही.

आई खाली नळावर तांदूळ धूत होती. मी सरळ विचारलं. तिनं पातेलं खाली ठेवलं, इकडं तिकडं कोण आहे का बघितलं, आणि पुन्हा तांदूळ धुवायला लागली. पाणी स्वच्छ झालं होतं तरी धूत राहिली. तिचं म्हणणं असं होतं की पोरीच्या जातीचं आजारपण कुणी दवंडी पिटून सांगत नाही, आणि जे सतरा वर्षांपूर्वी संपलं ते संपलं. कागद चांगले आले आहेत ना? मग? मी म्हटलं, आई, त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं. तेव्हा ती माझ्याकडं वळली.

"व्हय म्हणलं असतं तर तुला बाजूला केलं असतं. आन त्याला दुसरं कोण हुतं? सांग की. कोण हुतं?"

तिनं माझा हात धरून मला शपथ घातली नाही, ओरडली नाही, नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी आजवर दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. आई सागरच्या वाईटावर नव्हती, हे लिहून ठेवते, कारण नंतर पुष्कळांनी तसं म्हटलं. लपवण्याची तिला सतरा वर्षांची सवय झाली होती. कुणी माझ्या प्रकृतीचं विचारलं की तिच्या तोंडून "तिला काईच न्हाई" असंच निघायचं, समोर डॉक्टर असो नाहीतर बांगड्यावाली.

रविवारचा तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सांगावं, तर सागरची एकुलती एक संधी माझ्या तोंडानं जाणार. न सांगावं, तर? सागरच्या अंगातल्या दोषाचं नाव होतं, माझ्यातल्या दोषाला कुणी नाव दिलं नव्हतं. कदाचित माझं वेगळंच काही असेल. कदाचित आई म्हणते तसं संपलं असेल. मी बारावीची पोरगी, मला काय कळतंय? आणि यातली खरी घाण सांगते. कमरेच्या हाडात सुया घालणार याची मला मनातून भयंकर भीती वाटत होती. म्हणजे मी सांगितलं तर लोक म्हणतील, भ्याली म्हणून सांगितलं, आणि मलाच खात्री नव्हती की ते खोटं असेल. दुपारी काचेपलीकडून सागरशी फोनवर बोलले. टक्कल केलेलं, डोकं नारळाएवढं, डोळे त्याहून मोठे. त्यानं विचारलं, तुझी सुई केवढी असती गं? मी हातानं दाखवली. तो म्हणाला, "तू भ्यालीस तर सांग. मी बाईंना सांगतो नको म्हणून." मी म्हटलं, गप्प बस, शहाणा. आणि फोन ठेवून जिन्यात जाऊन बसले.

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही काचेबाहेर उभे होतो. आत सिस्टर ट्रे घेऊन आली, हातमोजे चढवले, बाटली स्टँडला टांगली. अण्णांनी हात जोडले. आई माझ्या शेजारीच, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. सिस्टरनं नळीचं टोक हातात घेतलं आणि माझे पाय आपोआप वळले. बाईंची खोली जिन्याखाली होती. मी दार न वाजवताच आत शिरले आणि म्हणाले, "मला पण लहानपणी रक्त दिलं होतं. तीनदा. आईनं सांगितलं नाही."

बाईंनी एकच विचारलं, "किती महिन्यांची असताना?"

"तीन."

त्यांनी माझ्याकडं बघतच फोन उचलला आणि वर सांगितलं, थांबा, लावू नका, मी येतेय. मग त्या उठल्या तेव्हा त्यांची खुर्ची मागं कलंडली आणि ती उचलायला त्या थांबल्या नाहीत. मी तिथंच उभी राहिले. बाई वर पोचल्या तेव्हा बाटली टांगलेली होती आणि चिमटा अजून बंद होता.

पुढचं सगळं बाईंच्या त्याच खोलीत झालं. बाईंनी आई-अण्णांना बसवलं आणि आईला पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी फार हळू. आईनं मान हलवली. अण्णा तिच्याकडं वळून म्हणाले, "कावीळ म्हणली हुतीस." मग बाईंनी समजावलं. हा दोष एकाच घरात तीन तऱ्हांनी वागतो. एकाला जन्मभर रक्त लागतं, दुसऱ्याला काही दिवस लागून सुटतं, तिसऱ्याला असून कधी कळतसुद्धा नाही. माझ्यातही तोच असेल तर माझा मगजही कच्चा. सागरचा स्वतःचा जाळून झाल्यावर तो कच्चा मगज त्याच्या अंगात धरला नसता, आणि तेव्हा त्याच्याजवळ परतायला काहीच उरलं नसतं. नक्की कळायला आमच्या सगळ्यांच्या रक्तातली ती प्रत तपासावी लागणार होती. त्या काळी इकडं ती सोय नव्हती, नमुने परदेशी जाणार होते. अण्णा उठून बाहेर गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी सागरला घेऊन घरी आलो.

एसटीत सागर माझ्याशेजारी बसला नाही. पुढच्या बाकावर अण्णांच्या मांडीवर बसला, आणि एकदाच मागं वळून म्हणाला, "भ्यालीस ना?" मी समजावून सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला काय सांगणार की मी तुला मिळणारं औषध काढून घेतलं ते तुझ्याच भल्यासाठी? त्याला पुन्हा पंप लागला, पुन्हा दर महिन्याच्या पिशव्या सुरू झाल्या, आणि प्रत्येक सुईच्या वेळी तो माझ्याकडं बघून रडायचा.

नमुन्यांचा निकाल यायला तीन महिने लागले. ते तीन महिने मी कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नयेत म्हणते. अण्णा आईशी बोलेनात. ताट समोर आलं की जेवायचे, आणि काही हवं असलं तर मला म्हणायचे, तुझ्या आईला सांग. आई माझ्याशी बोलेना. सकाळी सागरची पापणी ती एकटीच बघायची, मला हाक मारायची नाही. हंगाम ऐन भरात होता, इंजिन दिवसभर धडधडायचं, आणि घरात भांड्यांच्या किणकिणण्याखेरीज आवाज नाही. काकूंच्या तोंडाला मात्र लगाम राहिला नव्हता. माहेराहूनच घेऊन आली, त्या कोरड्या मुलखातलं रक्तच पांढरं, आमच्या दिराला फसवलं, हे त्या अंगणात तूर पाखडता पाखडता, कुणाचं नाव न घेता, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. आई भाकरी थापत ऐकून घ्यायची. तिलाही ते खरंच वाटत होतं. पहिली पोर तिच्या माहेरी, तिच्या मांडीवर पांढरी पडली होती, दुसरं पोरही तसंच. सतरा वर्षं ती मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत आली होती, आणि म्हणूनच तर लपवत आली होती.

निकालाच्या दिवशी आम्ही चौघं पुन्हा पुण्याला गेलो. बाईंच्या हातात दोनच पानं होती. मुलीत आहे, त्या म्हणाल्या. सागरमध्ये जिथं आहे त्याच जागी, तोच बदल. म्हणजे माझा मगज गेला असता तर काय झालं असतं ते त्यांनी पुन्हा सांगितलं नाही, गरजच नव्हती. आईनं पदर तोंडात धरला. बाई पुढं वाचत गेल्या. आईमध्ये नाही. मग त्यांनी चष्मा काढला. वडलांमध्ये आहे.

अण्णा म्हणाले, "मला? मला तर कधी तापसुद्धा आला न्हाई." ते खरंच होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी गोळी घेतली नव्हती. बाईंनी त्यांना पुन्हा तीन तऱ्हांचं सांगितलं. ती तिसरी तऱ्हा म्हणजे तुम्ही, यात कुणाचा गुन्हा नाही. अण्णांनी ते कागद मागून घेतले. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, सगळं इंग्रजीत, तरी बराच वेळ धरून बसले.

येताना सागर माझ्याशेजारी बसला. त्यानं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि शेवटी विचारलं, "मंग तुझं रक्त माझ्यात येऊन मेलं असतं?" मी म्हटलं, हो. "आन मी?" त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि नगर येईपर्यंत झोपला. तो आज तिशी ओलांडून गेला आहे. श्रीरामपुरात मोबाईल दुरुस्त करतो, लोह काढायला आता पंपाऐवजी गोळ्या निघाल्या आहेत त्या घेतो, महिन्याच्या महिन्याला रक्त घेतो आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतो. दुसऱ्याचा मगज त्याला पुढं कुणाचा जुळला नाही. कुणा नव्या माणसाशी ओळख करून देताना माझ्याकडं बोट दाखवून म्हणतो, ही माझी बहीण, चुगलखोर.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. काकू अंगणातच होत्या, सूप मांडीवर. शेजारच्या दोन बायका होत्या, आणि गुऱ्हाळावरचे दोघं तिघं अण्णांची वाट बघत ओट्याला टेकले होते. काकूंनी सूप बाजूला ठेवून विचारलं, काय म्हणाले डॉक्टर, हिच्याच माहेराचं ना? आई मान खाली घालून घरात शिरायला लागली. अण्णा ओट्याच्या पायरीवर उभे राहिले, पायांत चपला तशाच, आणि गुऱ्हाळात इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय असल्यानं मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, ते माझ्याकडून आलंय. दोन्ही पोरांना. हिचा काई दोष न्हाई."

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. आई उंबऱ्यातून मागं फिरली, चार माणसांदेखत अण्णांची बाही धरली, असं तिनं आधी कधी केलं नव्हतं, आणि त्यांना आत ओढून दार लावून घेतलं. माझ्याकडं हात करत ती दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, समद्यांपुढं कशाला सांगितलं? पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

अण्णांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आईकडं सरळ बघितलं.

"न सांगता पोरगं जात हुतं की."